अल्पाका आणि लोकरीचे दुकान : एका घरातले दोन हिशेब

प्रश्न : आम्ही दोघेही न्यू जर्सीत नोकरी करतो. मला विणकामाची मनापासून आवड आहे. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात थोडी जमीन घ्यावी, सात-आठ अल्पाका (दक्षिण अमेरिकेतले, उंटाच्या कुळातले लोकरीचे जनावर) पाळावेत आणि त्यांच्याच लोकरीचे छोटे दुकान काढावे, असा विचार चालू आहे. त्यावर घर चालेल का आणि रोजचे आयुष्य प्रत्यक्षात कसे असते?

उत्तर : मी न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात गेली १४ वर्षे अल्पाका पाळते आहे आणि त्यातली ११ वर्षे जवळच्या गावात लोकरीचे दुकान चालवते आहे. त्या अनुभवावरून मुख्य गोष्ट आधीच सांगते. तुमच्या अल्पाकांच्या लोकरीवर तुमचे दुकान चालणार नाही. दुकान चालू शकते आणि अल्पाकाही उत्तम पाळता येतात, परंतु हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत, त्यांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि दोघांनाही एकाच माणसाचा वेळ हवा असतो. तुमच्या मनात जी जोडणी आहे ती सुंदर आहे, मी तीच जगते आहे, पण ती कुठे जुळते आणि कुठे ताणली जाते हे जमीन घेण्यापूर्वीच तुम्हाला ठाऊक असावे असे मला वाटते.

लोकरीचे गणित आधी मांडते, कारण बहुतेकांचा अंदाज तिथेच चुकतो. अल्पाकाची कातरणी वर्षातून एकदाच होते. माझ्याकडे सध्या १२ जनावरे आहेत. प्रत्येकापासून सरासरी अडीच किलो धरले, तर ३० किलो कच्ची लोकर हाती येते. त्यातली पाठीवरची आणि दोन्ही कुशींवरची लोकर तेवढी अंगावर घालायच्या कपड्यांना योग्य असते. मान, पाय आणि पोट यांवरची लोकर भरड किंवा आखूड निघते. निवडून झाल्यावर गिरणीत पाठवण्याजोगी साधारण १६ किलो उरते आणि धुणे, जाड केस काढणे, पिंजणे, कातणे यांत तिच्यातलीही जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी घट होते. म्हणजे वर्षाअखेर माझ्या फडताळात १०० ग्रॅमच्या सुमारे ११० लड्या येतात. एका बाईच्या मध्यम मापाच्या स्वेटरला सहा-सात लड्या लागतात, हे तुम्हाला माहीत आहेच. माझ्या सगळ्या कळपाचे वर्षभराचे उत्पादन म्हणजे सोळा-सतरा स्वेटर.

लडी ३२ डॉलरला विकली, तर सगळ्या मिळून साडेतीन हजार डॉलर होतात. गिरणीची मजुरी ११०० डॉलरच्या आसपास जाते. हिवाळ्याचे साडेसहा महिने कुरणात चरायला काही नसते, त्या काळात १२ जनावरांना सुमारे १५० गठ्ठे वाळलेले गवत लागते आणि त्याचे हजार-एक डॉलर होतात. कातरणी करणाऱ्याचे पाचशे, जनावरांचे डॉक्टर, औषधे, लसी आणि क्षार मिळून नऊशे. हिशेब बरोबरीत सुटतो. कुंपण, गोठा, जमिनीवरचा कर आणि माझे स्वतःचे तास यांत धरलेले नाहीत. लेंडीखताच्या पोत्यांचे थोडे पैसे होतात, कारण ते खत बागकाम करणाऱ्यांना न कुजवता थेट वाफ्यात घालता येते आणि त्याला फारसा वासही येत नाही. भरड लोकरीपासून नमदा (लोकर दाबून केलेले जाड कापड) आणि बुटात घालायचे तळवे करून घेते, त्यांचाही थोडा हातभार लागतो. तरीही आमचे घर चालते ते दुकानातल्या इतर मालावर, म्हणजे मेंढीच्या लोकरीवर, सुयांवर आणि शिकवण्यांवर.

मग अल्पाका कशासाठी, असे तुम्ही विचाराल. माझे उत्तर असे आहे की, कच्च्या लोकरीपासून सुतापर्यंतची वाट स्वतःच्या हातांनी तुडवलेली असली की दुकानातल्या प्रत्येक लडीविषयी बोलण्याचा अधिकार येतो आणि गिऱ्हाइकाला तो जाणवतो. हे ज्ञान जिथे मिळते ते ठिकाण म्हणजे कातरणीनंतरचे निवडीचे मेज, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे कातरणी मे महिन्यात होते. कातरणी करणारी माणसे गावोगाव फिरत असतात, त्यांची तारीख जानेवारीतच ठरवून घ्यावी लागते. आदल्या रात्री जनावरे गोठ्यात कोंडून ठेवायची, कारण पाऊस आला आणि लोकर ओली झाली तर कातरणी होऊ शकत नाही. जनावराला चटईवर आडवे करून पुढचे आणि मागचे पाय दोरीने ताणून धरतात. पाहणाऱ्याला ते कठोर वाटते, परंतु हलणाऱ्या अंगावर यंत्र चालवणे त्याहून धोक्याचे आहे, आणि जाणत्या माणसाच्या हातून सात-आठ मिनिटांत काम उरकते. त्याच वेळी नखे कापायची, दात वाढले असतील तर घासून घ्यायचे आणि लस टोचायची. अल्पाकाला पुढच्या बाजूस वरचे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते. खालचे दात तिच्या बाहेर वाढले की चरणे अवघड होते. कातरणीचा क्रम पांढऱ्यापासून सुरू करून काळ्यावर संपवायचा. पांढऱ्या लोकरीत काळा केस मिसळला तर तो सुतात शेवटपर्यंत दिसत राहतो, म्हणून मधल्या प्रत्येक वेळी चटई झाडून काढायला एक माणूस वेगळा ठेवते.

पाठीची लोकर एका अखंड पांघरुणासारखी निघते. ती जाळीच्या मेजावर पसरली की धूळ आणि तुटक केस खाली गळतात आणि निवड सुरू होते. कडेची भरड लोकर काढायची, गवताच्या काड्या आणि बिया वेचायच्या, दुसऱ्यांदा यंत्र फिरल्यामुळे पडलेले आखूड तुकडे बाजूला करायचे. मग मधून पेन्सिलीएवढी एक बट सोडवायची, दोन्ही टोके चिमटीत धरून कानाजवळ न्यायची आणि झटका द्यायचा. निरोगी लोकर तारेसारखी टणत्कार करते. कमकुवत लोकर कागद फाटल्यासारखी कुरकुरते आणि बहुधा एकाच जागी तुटते. ती जागा म्हणजे त्या जनावराच्या वर्षातला एक वाईट पंधरवडा असतो. आजार, बाळंतपण, उन्हाळ्याचा ताप, काहीही. टोकापासून किती अंतरावर तुटली हे मोजले की महिना सांगता येतो. अशी लोकर गिरणीत पाठवली तर पिंजताना तिचे गोळे होतात आणि सगळे सूत बिघडते, म्हणून ती कितीही मऊ लागली तरी बाजूलाच ठेवावी लागते. एका जनावराची लोकर निवडायला मला दीड तास लागतो. बारांना मिळून अठरा तास होतात आणि ते मी कोणावरही सोपवत नाही.

इथेच ‘बेबी अल्पाका’ या शब्दाचाही खुलासा करते, कारण दुकानात दर आठवड्याला कोणीतरी विचारते. ती पिल्लाची लोकर नव्हे. तो तंतूच्या बारीकपणाचा दर्जा आहे, साधारण २० ते २३ मायक्रॉनच्या दरम्यानचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि दहा वर्षांच्या जनावराची लोकरही त्यात बसू शकते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून कल्पना येईल. कातरणीपूर्वी प्रत्येक जनावराच्या कुशीवरून लोकरीचा एक नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवावा. त्यात सरासरी जाडी जशी कळते, तसेच जाड केसांचे प्रमाणही कळते, आणि अंगाला टोचतात ते हेच जाड केस. कोल्हापूर-सांगलीकडची घोंगडी ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना टोचणे म्हणजे काय ते सांगायला नको. पण दख्खनी मेंढीची ती भरड लोकर पाऊस आणि खडकाळ जमीन यांसाठी होती, त्या कामात ती अव्वल आहे, आणि अल्पाकाची लोकर तिथे टिकली नसती. लोकरीला चांगली किंवा वाईट म्हणण्याआधी ती कशासाठी वापरणार आहोत हे विचारावे, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना त्याच घोंगडीचे उदाहरण देऊन सांगते. एक घोंगडी दुकानात टांगलेली आहे आणि लोक तिला हात लावून पाहतात.

गिरणीत माल दिल्यावर सूत हाती यायला आठ-नऊ महिने लागतात, कारण छोट्या गिरण्या थोड्या आहेत आणि रांग मोठी असते. दुपदरी सूत हवे की तिपदरी, जाडी किती, पीळ किती, कशात मिसळायचे, हे सगळे आधी लिहून द्यावे लागते. मिसळण्याचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा असतो. मेंढीच्या लोकरीला जशी नैसर्गिक कुरळी उसळी असते तशी अल्पाकाला नसते. तंतू गुळगुळीत असतो, त्याला लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतले नैसर्गिक मेण, नसते, तो उबदार असतो, पण ताणला की मूळ जागी परत येत नाही. दुकानाच्या पहिल्या वर्षी मी एका बाईंना अंगाबरोबर बसणाऱ्या, पट्टीदार विणीच्या स्वेटरसाठी शुद्ध अल्पाकाच्या सात लड्या विकल्या. त्यांनी चार महिने खपून तो विणला. दोन महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत उतरल्या होत्या आणि कमरेची पट्टी घंटेसारखी पसरली होती. त्या एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत, स्वेटर गल्ल्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. चूक पूर्णपणे माझी होती, कारण मला आमच्या स्वतःच्या कळपाचे सूत विकायचे होते आणि मी त्यांच्या विणीकडे पाहिलेच नाही. मी तो स्वेटर उसवून, सूत धुऊन, त्यातून त्यांना एक मोठी शाल विणून दिली. तेव्हापासून अंगासरशा कपड्यासाठी मी ७० टक्के अल्पाका आणि ३० टक्के मेरिनो (मेंढीची बारीक, मऊ लोकर) असे मिश्र सूतच सुचवते आणि शुद्ध अल्पाका शाल, गळपट्टा, टोपी यांसाठी ठेवते. शिवाय कोणतेही माप घेण्यापूर्वी वितभर चौकोनी नमुना विणून, धुऊन, एक रात्र टांगून ठेवायला लावते. टांगल्याशिवाय अल्पाकाचा नमुना खरे माप सांगत नाही.

आता रोजच्या दिवसाकडे येते. मी साडेपाचला गोठ्यात असते. आधी पाणी पाहायचे. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर जातो, तापणाऱ्या बादल्या असूनही एखादी बंद पडलेली असते, आणि पाणी कमी प्यालेले जनावर गवतही कमी खाते. मग गवत टाकायचे, दर डोई सव्वा किलोच्या आसपास. गवत टाकल्यावर लगेच निघून जायचे नाही. जे जनावर सर्वांबरोबर पुढे येत नाही, जे चघळताना थांबते, जे दावणीपासून दूर बसून राहते, ते त्याच पाच मिनिटांत ओळखू येते. दाट लोकरीमुळे अल्पाका बाहेरून नेहमी गुबगुबीतच दिसतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या पाठीच्या कण्यावर हात दाबून पाहावे लागते. कण्याच्या दोन्ही बाजूंचा उतार भरलेला असावा. तो खोलगट लागला तर वजन उतरते आहे, मग डोळ्याची खालची पापणी उलटून रंग पाहायचा. ती फिकी असेल तर पोटातले जंत रक्त पीत आहेत असे समजावे. शेण गोळा करणे हे सर्वांत सोपे काम आहे, कारण अल्पाका ठरलेल्या एक-दोन जागीच लेंड्या टाकतात. तेवढ्याच जागा रोज साफ केल्या की जंतांचा निम्मा बंदोबस्त होतो.

या भागातले सर्वांत मोठे संकट जंतच आहे, पण तो पोटातला नव्हे. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या मेंदूवरील आवरणात एक बारीक जंत राहतो आणि हरणाला त्याचा काही त्रास होत नाही. हरणाच्या लेंड्यांतून त्याच्या अळ्या गोगलगायींत जातात, गवताबरोबर बारीक गोगलगाय अल्पाकाच्या पोटात जाते आणि तिथून अळी कण्यातल्या मज्जारज्जूकडे सरकते. मागचे पाय लुळे पडू लागतात. हे टाळण्यासाठी उन्हाळ्यापासून कडाक्याची थंडी पडेपर्यंत चार-पाच आठवड्यांनी आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि त्याच औषधाच्या सततच्या वापराने पोटातले जंत त्याला जुमानेनासे होतात, असा हा पेच आहे. पाचव्या वर्षी, पावसाळी सप्टेंबर महिन्यात, माझी एक फेरी तीन आठवड्यांनी चुकली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेर ऱ्हाइनबेकला न्यूयॉर्क राज्याचा मेंढी आणि लोकर महोत्सव भरतो, तिथल्या विक्रीच्या तयारीत मी रात्रंदिवस दुकानात होते. नोव्हेंबरात आमचा खारीक नावाचा तपकिरी नर गोठ्याच्या उंबऱ्यावर अडखळला आणि मागचा डावा पाय ओढत आत गेला. दुसऱ्या दिवशी तो उठेना. पाच दिवस जंताचे तीव्र औषध, सूज उतरवणारी इंजेक्शने आणि दर चार तासांनी कूस बदलून पायांना चोळणे, असे करून तो वाचला. आजही तो चालताना मागचा पाय बाहेरच्या बाजूने फिरवून टाकतो. ते पाऊल मी रोज पाहते. दुकान आणि जनावरे यांना एकाच माणसाचा वेळ हवा असतो, असे मी सुरुवातीला लिहिले ते या अनुभवामुळे. आता इंजेक्शनच्या तारखा गल्ल्याशेजारच्या भिंतीवर लिहिलेल्या असतात आणि ओलसर बांधाकडचा कुरणाचा भाग कुंपणाने तोडून टाकला आहे.

पिल्लांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, परंतु मादी घेतलीत की तो विषय येणारच. अल्पाकाची मादी गाईसारखी ठरावीक दिवसांनी माजावर येत नाही. नराचा संग झाल्यानंतरच बीज सुटते. दोन आठवड्यांनी नर पुन्हा जवळ आणला आणि ती थुंकून त्याला हाकलू लागली तर बहुधा गाभण राहिली आहे. साडेअकरा महिन्यांनी ती विते, जवळजवळ नेहमी एकच पिल्लू होते आणि तेही बहुतेक वेळा सकाळी किंवा भर दिवसा. अल्पाकांच्या मूळ प्रदेशात, अँडीज पर्वताच्या पठारावर, रात्री गोठवणारी थंडी असते, दिवसा जन्मलेले पिल्लू सूर्यास्तापूर्वी वाळून उभे राहू शकते, असे त्याचे कारण सांगतात. आमची शेवंती पहिल्यांदा व्यायली तो शनिवार होता, दुकान उघडायला पाऊण तास उरला होता. नाक आणि पुढचे दोन पाय बाहेर आले आणि पिल्लू तसेच लोंबत थांबले. अशा वेळी ओढायचे नसते, लोंबत असताना नाकातले पाणी निथळते. नऊ मिनिटांनी ते सुटले. अल्पाकाची जीभ बाहेर येऊन चाटू शकत नाही, म्हणून आई पिल्लाला चाटत नाही. ती नाक टेकवून हळू आवाजात गुणगुणते. मी टॉवेलने ते पुसले, नाळ औषधात बुडवली आणि वजन केले, सात किलो भरले. चीक चोवीस तासांच्या आत पोटात गेलाच पाहिजे, त्यातूनच त्याला रोगप्रतिकारशक्ती मिळते. ते आचळापर्यंत पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावायलाही कोणी नव्हते आणि लांबून आलेल्या दोन बाया परत गेल्या होत्या. मे ते जुलैमध्ये आता एक विद्यार्थिनी दुकानाची किल्ली घेऊन असते.

हिवाळ्यात कोवळ्या पिल्लांना ड जीवनसत्त्व द्यावे लागते, हेही लक्षात ठेवा. साडेतीन हजार मीटरच्या वर, प्रखर उन्हात जगायला घडलेले हे जनावर आहे. आमच्याकडचे डिसेंबरचे मंद ऊन दाट लोकरीतून कातडीपर्यंत पोचत नाही आणि हाडे मऊ पडतात. उन्हाळ्यात उलट त्रास होतो. दमट उष्म्यात पंखे लावावे लागतात आणि पाणी मारायचे ते पोटावर आणि पायांवर, पाठीवर कधीही नाही. ओली झालेली पाठीची लोकर उष्णता आतच कोंडून ठेवते.

दुकानाचे दिवस याहून शांत असतात, पण सोपे नसतात. दहाला दार उघडते. माझ्याकडे कोणत्याही दिवशी पस्तीस-चाळीस हजार डॉलरचा माल मांडलेला असतो आणि त्यातला बराचसा महिनोन्महिने हलत नाही. विक्रीच्या किमतीच्या साधारण निम्मे पैसे घाऊक खरेदीतच जातात. एखाद्या सुताचे ३० रंग ठेवायचे, तर प्रत्येक रंगाच्या दहा लड्यांची पिशवी घ्यावी लागते आणि लोक उचलतात ते त्यातले सात-आठ रंग. रंगाच्या घाण्याचा (एका वेळी एकत्र रंगवलेल्या सुताचा) क्रमांक हा दुसरा जिव्हाळ्याचा विषय आहे. एकाच रंगाच्या दोन घाण्यांतल्या लड्या दिव्याखाली सारख्या दिसतात आणि स्वेटरच्या मध्यभागी रेघ उमटवतात. म्हणून विकताना मी एक लडी जास्त देते आणि न वापरल्यास परत घेते. या एका सवयीने जेवढी माणसे परत आली तेवढी कोणत्याही जाहिरातीने आली नाहीत. गुरुवारी संध्याकाळी विणकामाची बैठक असते. तिथे मी नवशिक्यांना सुलट आणि उलट टाके शिकवते, माझ्या आईने नाशिकच्या घरात मला ज्या क्रमाने शिकवले त्याच क्रमाने, आणि पडलेला टाका उचलायला पहिल्याच दिवशी शिकवते. तो उचलता येऊ लागला की भीती जाते आणि माणूस विणकामात टिकतो.

कसर लागणे हे दुकानाचे खरे संकट. कच्ची लोकर दुकानाच्या इमारतीत कधीही आणू नका, हा माझा पक्का नियम आहे. ती गोठ्याशेजारच्या खोलीत, घट्ट झाकणाच्या पिंपांत असते. लोकांनी घरून आणलेली जुनी लोकरही आधी पिशवीत बांधून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग दोन दिवस बाहेर आणि पुन्हा चार दिवस आत, अशी ठेवल्याशिवाय मी फडताळाजवळ येऊ देत नाही.

वर्षाचा मेळ मात्र बरा बसतो. कातरणी, बाळंतपणे आणि गवताची साठवण मे ते जुलैमध्ये येते आणि त्या दिवसांत लोकर घ्यायला फारसे कोणी येत नाही. ऑक्टोबरपासून दुकान भरते तेव्हा कुरणातले काम उतरलेले असते. सप्टेंबर-ऑक्टोबरचा सांधा तेवढा जपावा लागतो. सलग चार दिवसांची सुट्टी आम्ही दोघांनी एकत्र गेल्या १४ वर्षांत तीनदा घेतली आहे. आईच्या शेवटच्या आजारपणात नाशिकला मी एकटी गेले आणि यजमान इथे थांबले, कारण १२ जनावरे कोणावर सोपवावीत असे माणूस त्या आठवड्यात मिळाले नाही. तुमचे आईवडील भारतात असतील, तर याचा विचार आजच बसून करावा. शेजारी जनावरे पाळणारे एक तरी कुटुंब असेल आणि तुम्ही त्यांच्या, ते तुमच्या गोठ्याला आळीपाळीने उभे राहू शकाल, अशाच ठिकाणी जमीन पाहावी.

खरेदीविषयी शेवटी लिहिते. अमेरिकेत अल्पाकांची व्यापारी आयात १९८४ पासून सुरू झाली आणि नंतरच्या काळात एकेका मादीला वीस हजार डॉलरहून अधिक मोजले गेले. ती किंमत लोकरीची नव्हती, पुढच्या खरेदीदाराला विकता येईल या आशेची होती, आणि २००८ नंतर ती कोसळली. म्हणून ‘पिल्ले विकून पैसे वसूल होतील’ असे कोणी सांगितले, तर तो व्यवहार सोडून द्या. आम्हाला पहिली चार जनावरे एका विक्रेत्याने याच बोलीवर विकली होती आणि त्यांच्या लोकरीची तपासणी दाखवली नव्हती. त्यातल्या दोघांची लोकर ३२ मायक्रॉनच्या पुढची निघाली, तिचे आजवर नमदेच झाले.

तुम्ही सुरुवात तीन खच्ची केलेल्या नरांनी करा. एकटा अल्पाका ठेवायचा नाही, तो कळपाशिवाय खंगतो. बाटलीच्या दुधावर वाढलेला आणि माणसांच्या मांडीवर खेळलेला नर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो मोठा झाला की माणसालाच प्रतिस्पर्धी नर समजून अंगावर येतो आणि ही खोड जात नाही. जनावर पाहायला जाल तेव्हा दाखवतील त्या मानेवरच्या मऊ केसांवर समाधान मानू नका. कुशीच्या मध्यावर दोन्ही हातांनी लोकर फाकवून कातडीपर्यंत पाहा, मग तसेच पाठीमागच्या मांडीवर आणि खांद्यावर पाहा. तिन्ही ठिकाणी तंतू सारखा असेल तर निवडीच्या मेजावर तुमची मेहनत वाचेल. गेल्या तीन वर्षांच्या तपासणीचे कागद मागा आणि वयाबरोबर जाडी किती वाढत गेली ते वाचा. कुंपण जनावरांच्या आधी पूर्ण झालेले असावे, पाच फूट उंच आणि बारीक जाळीचे, कारण इथे कोल्ह्याच्या जातीतले कोयोटी आणि मोकाट कुत्री दोन्ही फिरतात. उंटवर्गातल्या जनावरांचे उपचार करणारा डॉक्टर तासाभराच्या अंतरावर आहे का, हे जमिनीच्या सौद्याआधी विचारा. आणि जनावरे शरद ऋतूत आणू नका. कातरणी झाल्यावर, जूनच्या आरंभी आणा, म्हणजे अंग उघडे असताना त्यांची तब्येत तुमच्या डोळ्यांना दिसेल, चाऱ्याला हिरवे कुरण असेल आणि पहिल्या हिमवर्षावापूर्वी तुम्हाला त्यांच्या चालीची ओळख पटवायला पाच महिने मिळतील. त्याआधी एका मे महिन्यात आमच्याकडे कातरणीला या. चटई झाडायला आणि निवडीच्या मेजाशी माझ्यासमोर उभे राहायला मला एक माणूस हवेच असते.